स्केचवहीपासून फ्रेमपर्यंत : मेणवलीच्या घाटाचं एक जलरंगचित्र

स्केचिंगला नव्याने लागलेल्या बहुतेकांची अडचण एकच असते. वहीतलं स्केच झकास उतरलेलं असतं, सगळे वाहवा करतात. मग हौसेनं मोठा महागाचा कागद आणायचा, तेच स्केच त्यावर मोठं करून रंगवायचं, आणि चित्र मेलेलं निघतं. हात तोच, रंग चांगले, तरी वहीतली मजा कुठे गेली ते कळत नाही.

मला वाटतं, याचं मूळ शाळेत आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आपण एकाच कागदावर पेन्सिलनं काढलं, त्यावरच रंग भरले, वेळ संपली की पेपर दिला. त्यामुळे स्केच म्हणजे चित्राचं पहिलं अर्धं काम आणि रंग म्हणजे उरलेलं अर्धं, ही समजूत पक्की बसते. मधला अख्खा मजला कुणी दाखवतच नाही. हा लेख मुख्यतः त्या मधल्या मजल्याबद्दल आहे. उदाहरणाला वाईजवळचा मेणवलीचा घाट घेते: नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ, वसईच्या किल्ल्यातून आणलेली ती मोठी घंटा. माध्यम जलरंग. तुमचा विषय गल्लीतली रिक्षा असली तरी पायऱ्या याच.

जागेवर: आधी चौकट, मग घाट

वही उघडून थेट देऊळ काढायला बसू नका. आधी पानावर ६ × ४ इंचांची चौकट आखा आणि जे काढायचं ते त्या चौकटीतच काढा. पुढे मोठा कागद याच प्रमाणात घ्यायचा असल्यामुळे आत्ता घेतलेला हा अर्धा मिनिट नंतर दोन तास वाचवतो. चौकट नसेल तर स्केच पानभर पसरतं आणि घरी आल्यावर चित्र कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, ते ठरता ठरत नाही.

चौकटीच्या बाहेर वेळ लिहा आणि सूर्य कुठून येतोय तो बाण काढा. हे मी ठेच खाऊन शिकले. माझ्या पहिल्या मोठ्या घाटचित्रासाठी मी सकाळी नऊला बसले ती दुपारी दीडला उठले. देऊळ आधी काढलं होतं, झाड शेवटी. घरी येऊन इमानेइतबारे महिनाभर रंगवलं. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी चित्र दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "इथे सूर्य किती आहेत?" देवळाची सावली डावीकडे पडली होती, झाडाची उजवीकडे. त्यानंतर मी सावल्यांचे आकार पहिल्या दहा मिनिटांत काढून टाकते आणि मग त्या सरकल्या तरी तिकडे बघत नाही. मुख्य स्केचला अर्धा-पाऊण तास पुरे.

स्केच झालं की लगेच उठू नका. आता पुढच्या पानांवर सुटे तुकडे काढा. पायरीची कड झिजून गोल झालीय की धारदार आहे? पाण्याची पातळी उतरल्याची खूण कितव्या पायरीवर दिसते? दगडाचे सांधे कसे आहेत? कपडे धुणारी बाई वाकली की कोपर कुठे जातं, पदर कुठे खोचलेला असतो? तिची चार-पाच छोटी रेखाटनं करा, दोन मिनिटांत एक या वेगानं. रंग जागेवर लावत नसाल तर शब्दांत लिहा: "उन्हातला दगड गुळाच्या पाण्यासारखा, सावलीतला निळसर, पाण्यातलं प्रतिबिंब दगडाहून हिरवं." असली टिपणं वाचून हसू येतं, पण तीन आठवड्यांनी तीच उपयोगी पडतात.

फोटो काढायला हरकत नाही, फक्त त्यावर विसंबू नका. मोबाइल उन्हाला सांभाळायला जातो आणि सावली काळी ठिक्कर करतो. सावलीत तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले निळे-तपकिरी रंग त्यात नसतात. शिवाय त्याची लेन्स रुंद असल्यामुळे डोळ्यांना मोठा दिसणारा मागचा डोंगर फोटोत टेकडीएवढा होतो. घंटेच्या कमानीचं कोरीवकाम तपासायला फोटो घ्या, चित्र ठरवायला स्केच.

अर्ध्या इंचाची बाई

आता हिशेब पाहा. जलरंगाचा पूर्ण कागद साधारण ३० × २२ इंचांचा येतो. मधोमध कापला की २२ × १५. चारही बाजूंनी अर्धा इंच टेपखाली सोडला की चित्राला उरतात २१ × १४ इंच. तुमची ६ × ४ ची चौकट बरोबर साडेतीन पट झाली.

वहीत ती कपडे धुणारी बाई अर्धा इंच उंच होती. पेन्सिलचे तीन फटकारे: पाठ, हात, साडीचा घेर. तेवढ्यात ती जिवंत वाटत होती, कारण उरलेलं बघणाऱ्याचा डोळा भरत होता. मोठ्या कागदावर ती पावणेदोन इंचांची होते. आता त्या तीन फटकाऱ्यांच्या मध्ये जागा उघडी पडते. तिथे काहीतरी हवं आणि काय हवं ते वहीत नाही. मग आपण अंदाजानं बोटं काढतो, चेहरा काढतो, साडीला काठ काढतो, आणि बाईचा पुतळा होतो. पायऱ्यांचं तेच, झाडाचं तेच. मोठं करताना चित्र मरतं ते इथे.

म्हणून सुट्या तुकड्यांची ती पानं. आणि म्हणूनच पुढची पायरी, जी सगळे नवशिके गाळतात.

घरी: पत्त्याएवढी चित्रं

स्केच दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. मग ते उघडण्याआधी एका वाक्यात लिहा की तिथे तुम्हाला नेमकं काय आवडलं होतं. "घाट सुंदर आहे" चालणार नाही. माझं एक वाक्य असं होतं: "झाडाच्या काळ्या सावलीतून बघितलं की उन्हातल्या चार पायऱ्या पेटल्यासारख्या दिसतात." म्हणजे माझं चित्र देवळाचं नव्हतंच. पायऱ्यांचं होतं. देऊळ फक्त तिथे होतं.

आता खेळायच्या पत्त्याएवढ्या, ३ × २ इंचांच्या चौकटी आखा, निदान सहा. प्रत्येकीत फक्त तीन छटा वापरायच्या: कोरा कागद, मधली करडी, गडद. ४बी पेन्सिल चालेल, एकाच तपकिरी रंगात ब्रशनं केलं तर आणखी चांगलं. डोळे किलकिले करून स्केचकडे बघा, म्हणजे बारकावे विरघळतात आणि मोठे आकार उरतात. रेषा काढायच्या नाहीत, आकार भरायचे.

माझ्या पहिल्या चौकटीत सगळं जसंच्या तसं होतं आणि आकाश बरोबर अर्धं. शाळेच्या कॅलेंडरसारखं दिसत होतं. दुसरीत आकाश वरच्या एका पट्टीवर आणलं, पायऱ्यांना जागा मिळाली. तिसरीत चित्र उभं करून पाहिलं. देऊळ रुबाबदार झालं, पण माझं वाक्य हरवलं. चौथीत झाड डावीकडून ओढून पुढे आणलं आणि त्याची सावली खालच्या पायऱ्यांवर एकसंध पसरवली. उन्हातल्या चार पायऱ्या मध्ये कोऱ्या सोडल्या. झालं. पाचवी-सहावी याच चौथीच्या बहिणी होत्या: बाई उजेडात बसवायची की सावलीच्या कडेवर? कडेवर बसवली. पाठीवर ऊन, पाय सावलीत.

झाड सरकवलं म्हणजे खोटेपणा केला का, असं नवे लोक हमखास विचारतात. जॉन कॉन्स्टेबल हा इंग्रज चित्रकार आपल्या गावाकडची स्केचेस घेऊन लंडनच्या स्टुडिओत मोठी चित्रं करायचा आणि त्याआधी त्याच मापाचं एक कच्चं चित्र तैलरंगात रंगवून बघायचा. १८२१ च्या 'द हे वेन'चं असं पूर्ण मापाचं कच्चं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात नदीकाठी एक घोडेस्वार आहे. नॅशनल गॅलरीतल्या पक्क्या चित्रात तो दिसत नाही. जागेवर होता की नव्हता, हा प्रश्नच नाही. चित्रात नको होता, इतकंच. आपल्याला सहा फुटी कच्चं चित्र परवडणार नाही, पत्त्याएवढं परवडतं.

निवडलेल्या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढून दोन मीटरवरून बघा. तीन छटांत ती ओळखू येत नसेल, तर रंग लावून ती वाचणार नाही. या पायरीला एक अख्खी संध्याकाळ द्या. मी तर म्हणेन, दोन द्या.

रंगांची चाचणी

पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर, आणि तो तुकडा पक्क्या चित्राच्याच कागदाचा हवा, रंग ठरवून घ्या. तीन रंग पुरतात: अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). साडीसाठी एखादा लाल.

घाटाचा दगड काळा आहे, आपला सह्याद्रीचा बेसॉल्टच तो. म्हणून लोक काळ्या रंगाची ट्यूब पिळतात आणि पायऱ्या डांबरी रस्त्यासारख्या दिसायला लागतात. ती ट्यूब डब्यातच राहू द्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा करा. उन्हाच्या बाजूला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त. दोन्ही रंग पॅलेटवर पूर्ण घोटू नका, थोडे कागदावर एकमेकांत शिरू द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा फुकटात मिळतो. कुठलं मिश्रण कुठे, ते कडेला पेन्सिलनं लिहून ठेवा.

जलरंग सुकला की फिका पडतो. चाचणीचा तुकडा पूर्ण सुकल्याशिवाय त्यावर मत बनवू नका.

मोठं रेखाटन

चांगल्या कागदावर चौकोन पाडायचे नाहीत. आधी २१ × १४ इंचांचा साधा कागद घ्या, पार्सलचा तपकिरी कागदही चालतो. वहीतल्या चौकटीवर एकेक इंचाचे चौकोन आखा, २४ होतील. मोठ्या कागदावर साडेतीन इंचांचे तेवढेच चौकोन. मग चौकोनागणिक रेषा कुठून शिरते, कुठून बाहेर पडते ते बघत उतरवा. सिनेमाची मोठमोठी पोस्टरं याच रीतीनं भिंतीएवढी व्हायची. हुसेन यांनीही मुंबईत उमेदीच्या काळात सिनेमाचे फलक रंगवले होते.

पण चौकोन फक्त सांगाडा देतात. पायऱ्या, बाई, कमान हे सगळं सुट्या रेखाटनांवरून इथे नव्यानं काढायचं. चुका, खाडाखोड, जे काय व्हायचं ते याच कागदावर होऊ द्या. चांगल्या कागदावर खोडरबर घासला की वरचा सरसाचा थर उखडतो आणि तिथे रंग टीपकागदावरच्या शाईसारखा पसरतो.

कागद ताणणे

३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या. शक्यतो सुती. चारही बाजूंनी मास्किंग टेप लावूनही काम भागतं, पण मोठे वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सलग हात, द्यायचे तर कागद ताणून घेतलेला बरा. नाहीतर ओला झाला की तो पापडासारखा फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो.

मोरीत एवढा कागद मावत नाही. टेबलावर ठेवून दोन्ही बाजूंना स्पंजनं भरपूर पाणी लावा, दहा मिनिटं मुरू द्या, मग प्लायवूडच्या जाड फळीवर पसरून कडेनं पाणी लावून चिकटणारी तपकिरी गमटेप बसवा. अर्धा इंच कागदावर, उरलेली फळीवर. रात्रभर आडवा ठेवून सुकवा. घाई म्हणून मी एकदा हेअर ड्रायर मारला. मधला भाग आधी सुकून आकसला, कडेची टेप अजून ओलीच होती. एका बाजूनं ती सुटली आणि कागद तिरका ताणला गेला. पैसे पाण्यात.

सकाळी मोठं रेखाटन उतरवून घ्या. त्याच्या मागच्या बाजूला जिथे रेषा आहेत तिथेच मऊ पेन्सिल घासा, कापसानं जरा पुसा, आणि वरून हलक्या हातानं बॉलपेननं गिरवा. कार्बन पेपर नको. त्याची रेघ मेणचट असते, रंगाला दाद देत नाही आणि खोडली जात नाही. उन्हातल्या पायऱ्यांवर रेषा कमीत कमी ठेवा.

रंग

फळीखाली एक वीट ठेवून तिला उतार द्या. लागणारा रंग आधीच वाटीत कालवून ठेवा, वाटतं त्याच्या दुप्पट. आकाश अर्ध्यावर आलं आणि रंग संपला, तर नवा कालवेपर्यंत तिथे कड पडते आणि ती कड आयुष्यभर दिसते.

पहिला वॉश: मोठा फ्लॅट ब्रश घेऊन आकाशापासून खालपर्यंत, मागचा डोंगर, झाड सगळ्यांवरून, अगदी फिका. फक्त उन्हातल्या चार पायऱ्या, बाईची पाठ आणि पाण्यातली चमक कोरी सोडायची. जलरंगात उजेड म्हणजे कागद. चित्रकार सा. ल. हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जे चित्र केलं, ज्यासाठी त्यांची मुलगीच दिवा धरून उभी राहिली होती, ते जलरंगात आहे. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात बघायला मिळतं. हातातल्या दिव्याचा तो उजेड बघा आणि मग स्वतःच्या पांढऱ्या ट्यूबकडे बघा.

वॉश खाली आला की शेवटी कडेला थेंब साचतो. ब्रश पिळून त्यानं तो टिपून घ्या. नाहीतर तेच पाणी वर चढतं आणि सुकत आलेल्या रंगात दातेरी डाग पडतो. मग थांबा. कागद सुकला का, हे तळहाताच्या पालथ्या बाजूनं बघा. गार लागला तर अजून ओला आहे, दिसायला कितीही कोरडा दिसो. पावसाळ्यात यात तास-दीड तास सहज जातो. चहा करा.

दुसरा वॉश म्हणजे खरं चित्र. पत्त्याएवढ्या चौकटीतली ती मधली छटा आता एका दमात घालायची: झाड, त्याची सावली, पायऱ्यांचे उभे भाग, देवळाची अंधारी बाजू, सगळं एकमेकांत जोडलेलं. नवे लोक इथे झाड वेगळं, पायरी वेगळी, देऊळ वेगळं रंगवतात आणि चित्राची गोधडी होते. ब्रश न उचलता एका वस्तूतून दुसरीत जा. रंग मात्र वाटेत बदलत राहा: झाडात हिरवट, दगडात निळसर, पाण्याजवळ पुन्हा हिरवा. या वेळी वहीतलं स्केच बंद करून ठेवा आणि समोर फक्त ती छोटी तीन छटांची चौकट चिकटवा. स्केच समोर असलं की हात बारकाव्यांकडे ओढला जातो.

तिसऱ्यांदा फक्त गडद जागा. कमानीखालचा अंधार, पायऱ्यांचे काही सांधे, बाईच्या पायाखालची सावली. सगळे सांधे काढू नका. चार सांधे नीट काढले की बघणारा उरलेले चाळीस स्वतः काढतो. बाईला चेहरा नको. वाकलेली पाठ, कोपराचा कोन आणि लाल साडीचा एक डाग बरोबर बसला, तर ती कपडे धुतेय हे दहा फुटांवरून कळतं.

कुठे थांबायचं

चित्र आरशात बघा, नाहीतर फोटो काढून उलटा करा. देऊळ कललेलं असेल तर लगेच दिसेल. मग ते तुमचं एक वाक्य वाचा. पायऱ्या पेटल्यासारख्या दिसतात का? दिसत असतील तर देवळाच्या कळसावर राहिलेलं नक्षीकाम राहू द्या. दिसत नसतील तर पायऱ्यांना हात न लावता भोवतीची सावली आणखी थोडी गडद करा. नको तिथे गडद झालं असेल, तर स्वच्छ ओल्या ब्रशनं भिजवून टिशूनं टिपा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो. दोनदा करून निघालं नाही तर सोडून द्या. तिसऱ्यांदा कागदच निघतो.

आणि कधी कधी चित्र फसतंच. मेणवलीचं माझं तिसऱ्या खेपेला जमलं. पहिले दोन कागद फाडले नाहीत, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजू आता रंगांच्या चाचण्यांना वापरते.

फ्रेम

कागद पूर्ण सुकल्यावर टेपच्या आतून कटरनं कापून फळीवरून सोडवा. मागे पेन्सिलनं जागा, वर्ष आणि वापरलेले रंग लिहा, बॉलपेननं नको, त्याचा ठसा पुढे उठतो. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीची, आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट) सांगा आणि काच चित्राला टेकणार नाही याची खात्री करा. आपल्याकडच्या पावसात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरायला एक जुलै पुरतो. ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका, आणि लावायचंच तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मधून हवा खेळते.

वहीतलं ते ६ × ४ चं स्केच मात्र कापून काढू नका. पायऱ्यांची आणि त्या बाईची पानं त्याच्या शेजारीच राहू द्या. पुढच्या घाटाला ती लागतात.